चौदाव्या मजल्यावरचा पहिला बळी

आपल्या घरातलं कोण आधी मरेल, हा प्रश्न मीच विचारला.

शनिवारची दुपार होती. जेवणं झाली होती, पडदे ओढलेले होते आणि आम्ही चौघं सोफ्यावर दाटीवाटीनं बसून झॉम्बींची मालिका बघत होतो. पुढचा भाग सुरू व्हायला वेळ लागत होता (स्क्रीनवर ते गोल गोल फिरत होतं) आणि शांतता माझ्याच्यानं सहन होत नाही. म्हणून मी म्हणालो, "समजा, असं इथं आपल्या पुंगोलमध्ये झालं. आपल्यातलं पहिलं कोण जाईल?"

माझा अंदाज असा, की कुणीतरी "असलं अभद्र बोलू नये" म्हणेल आणि विषय संपेल.

"तू," माझी बायको मेधा म्हणाली.

"बाबा," आमची मुलगी सई म्हणाली.

राहिली आई. ती पुण्याहून आमच्याकडे परदेशात राहायला आली होती, आणि काही झालं तरी मला जन्म तिनं दिलेला. तिनं निदान चष्मा काढून पुसला. "तसं नाही रे," ती म्हणाली, "पण तुला पळवत नाही."

ही मालिका घरात आणली मीच. दिवसभर मेधा बँकेच्या कॉलवर, सई खोलीत कानात काहीतरी घालून, आई बाल्कनीत बसून समोरच्या बिल्डिंगचे मजले मोजणार. मला वाटलं, भीतीनं तरी माणसं जवळ येतात. पण भ्यायलो एकटा मी. आईला झॉम्बींचं काहीच वाटलं नाही. ती त्यांना 'मढी' म्हणायची. "मढ्यांचं काय, येतात नि जातात," ती म्हणायची. "मला आधी सांग, ती धाकटी जाऊ थोरलीशी बोलत का नाही?"

आणि खरंच, मालिकेत तेच होतं. एका ओस शाळेत लपलेली आठ-दहा माणसं. बाहेर मढी, आत भांडणं. इंग्रजी नावं आईच्या लक्षात राहीनात, म्हणून आम्ही सगळ्यांची बारशी केली. दोन जावा, एक पाववाला, एक मुकी पोरगी आणि एक जाडसर, चष्मेवाला बस ड्रायव्हर. पाववाल्यानं डबे वाटताना एक डबा मागं का ठेवला, कुणासाठी ठेवला, यावर आमच्याकडे रविवारचा अख्खा नाश्ता चर्चा चालली. सई खोलीबाहेर येऊन चर्चेत भाग घेत होती. मेधानं फोन पालथा ठेवला होता. एकमेकांबद्दल इतकी चौकशी आम्ही गेल्या कित्येक वर्षांत केली नव्हती.

माझा लाडका बस ड्रायव्हर. का, ते सांगत नाही.

तर, पहिला बळी मी. कारण विचारण्याची चूक मी केली.

"बाबा, यू ऑलरेडी वॉक लाइक दॅट, लाह," सई इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली आणि उठून करून दाखवलं. एक खांदा खाली, तोंड अर्धवट उघडं, पाय घासत. हुबेहूब होतं. माझं ऑफिस हार्बरफ्रंटला, म्हणजे एमआरटी मेट्रोच्या एका टोकाला घर आणि दुसऱ्या टोकाला नोकरी. संध्याकाळी घरी पोचतो तेव्हा माझ्यातलं जे काही उरलेलं असतं, ते असंच चालतं.

"म्हणजे त्याला चावणारच नाहीत," मेधा म्हणाली. "आपल्यातलाच समजतील."

"मग वाचेल की गं," आई आशेनं म्हणाली.

"कसला वाचतोय, आई. त्याला नाही म्हणता येतं का कुणाला? ती मढी म्हणतील चल, की हा निघाला त्यांच्याबरोबर."

"आणि मेन थिंग," सई म्हणाली, "आपण सगळे पळणार, आणि बाबा परत वर जाणार. गॅस बंद केला का बघायला."

यावर तिघी इतक्या हसल्या, की त्यात नवीन काही नसावं, हे माझ्या लक्षात आलं. मी लिफ्टपाशी गेल्यावर गॅस आणि कुलूप बघायला परत येतो, हे खरं आहे. पण कुणीतरी बघायला हवंच ना?

दमलेल्या माणसाला राग उशिरा येतो, पण येतो. या घरात माझा नेमका उपयोग काय, हे मला त्याच दुपारी सिद्ध करायचं होतं. मी उठलो. "आपल्याकडे शेल्टर आहे, ते विसरलात," मी म्हणालो. "मी तुम्हाला तिथं नेईन. दार लावलं की मढी काय, रणगाडासुद्धा आत येत नाही. थांबा, दाखवतोच."

इथल्या नव्या फ्लॅटमध्ये प्रत्येक घराला एक शेल्टर असतं. जाड भिंतींची एवढीशी खोली आणि तिला तिजोरीसारखं लोखंडी दार. बॉम्ब पडला तर आत बसायचं. बॉम्ब अजून पडलेला नाही, त्यामुळे सगळे तिथं सामान ठेवतात. आमच्याकडे गणपतीची मखरं, सईची लहानपणची सायकल, भाजणी, पोहे, मेतकूट आणि छतापर्यंत रचलेल्या प्रवासाच्या बॅगा. उरलेल्या जागेत एक माणूस मावतो, श्वास सोडलेला असेल तर.

मी आत शिरलो, दिवा लावला, दार ओढलं आणि दांडा खाली दाबला. खट्. काय भक्कम आवाज होता! मी अभिमानानं मागं वळलो, आणि माझं पोट बॅगांच्या थराला लागलं.

वरची एक भलीमोठी कापडी बॅग खाली आली आणि दार नि समोरचा थर यांच्यामध्ये, बरोबर दांड्याच्या वर, आडवी रुतून बसली. दार उघडायला दांडा वर उचलायचा असतो. तो हलेना. बॅग ओढायला मागं सरकावं, तर मागं सायकल.

फोन सोफ्यावर होता.

मी दार ठोठावलं. मग दोन्ही मुठींनी बडवलं. "मेधाऽ" अशी हाक मारली, पण बॅग छातीवर असल्यामुळे तिचा नुसता हुंकार झाला.

भिंतीत वर हवेसाठी एक भोक आहे. त्यातून मला बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. नवा भाग सुरू झाला होता.

"आज मढी जरा जास्तच आपटतायत," आई म्हणाली.

"साउंड इफेक्ट, आज्जी," सई म्हणाली. "सो रिअल."

मी आणखी जोरानं बडवलं. बाहेर मेधानं टीव्हीचा आवाज थोडा कमी केला.

मग मी दमलो. दमण्याचा मला सराव आहे. बॅगेला टेकून उभा राहिलो आणि तो भाग भोकातून ऐकला. शाळा सोडून सगळे पळत होते. पाववाला ओरडत होता, जावा एकमेकींना हाका मारत होत्या (अखेर बोलल्या!). आणि मग बस ड्रायव्हर म्हणाला, की मागचं फाटक लावलं की नाही आठवत नाही, तुम्ही पुढं व्हा, मी बघून येतो.

"जाऊ नको रे," आई टीव्हीला म्हणाली.

तो गेला. त्यानं फाटक लावलं. त्यानंतर बराच वेळ नुसता मढ्यांचा आवाज.

बाहेर कुणीतरी नाक ओढलं. "किती चांगला माणूस होता," आई म्हणाली. "शेवटपर्यंत कुणाला त्याची किंमत कळली नाही बघ."

"तो होता म्हणून ते सगळे वाचले, आई," मेधा म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता.

आत मी मेतकुटाच्या बरणीशेजारी उभा राहून डोळे पुसले. ड्रायव्हरसाठी की स्वतःसाठी, ते नक्की सांगता येणार नाही. मग ड्रायव्हरच्या सन्मानार्थ दारावर पुन्हा एक ठोसा मारला.

"एक मिनिट," मेधा म्हणाली. "सई, टीव्ही थांबव. चहा टाकते."

टीव्ही थांबला. माझे ठोसे थांबले नाहीत.

बाहेरची पावलं स्वयंपाकघराच्या वाटेवरच थबकली. मग आई हळूच म्हणाली, "मेधा, मिलिंद कुठंय गं?"

अख्खा भाग संपला होता.

"मला वाटलं झोपलास आत जाऊन," मेधा दाराशी येऊन भोकातून ओरडली. "शनिवारी झोपतोस ना तू."

"बाबा, आर यू ओके?" सईनं बाहेरून दांडा हलवून पाहिला. आतला आणि बाहेरचा दांडा एकच, त्यामुळे तो बाहेरूनही हलेना. "बाबा, डोन्ट पॅनिक, ओके? मी फायर ब्रिगेडला कॉल करते."

"नको," मी आणि मेधा एकदम म्हणालो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर काही बाबतींत एकमत होतंच.

"कुठली बॅग अडकलीय?" मेधानं विचारलं.

"निळी. कापडाची."

"मोठी चेन वरून उघड. आत ब्लँकेटं आहेत. एकेक काढ, म्हणजे बॅग चपटी होईल. आणि ऐक, तळाशी डबा आहे. त्याला हात लावायचा नाही."

ब्लँकेटं काढली. तळाशी डबा होता. डब्यात पातळ पोह्यांचा चिवडा होता. डॉक्टरांनी तळलेलं बंद केल्यापासून घरात चिवडा होत नाही, अशी माझी समजूत होती.

बॅग कधीच चपटी झाली होती, दांडाही सुटला होता. मला बाहेर यायला आणखी थोडा वेळ लागला, एवढंच. आलो तेव्हा तिघी दाराशी उभ्या होत्या. आईनं माझ्या मिशीवरचा शेंगदाण्याचा तुकडा काढला आणि स्वतः खाल्ला.

संध्याकाळी आई आणि सई खाली कालव्याच्या काठी फिरायला गेल्या. मेधा ब्लँकेटांच्या घड्या घालत होती. मी दुसरं टोक धरलं.

"खरं सांग," मी म्हणालो. "पहिला मीच?"

तिनं घडी पूर्ण केली. "सई आणि आई वाचतील," ती म्हणाली. "आई तर नक्कीच. तू गॅस बघायला वर जाशील, आणि एवढा वेळ का लागतोय म्हणून मी तुला बघायला. आपलं दोघांचं एकाच भागात आटपेल. आता जा, शेल्टरचा दिवा चालूच ठेवून आलायस, तो बंद करून ये. आणि दार ओढून घेऊ नकोस."