बंदुकीची दारू आणि जैनबभाभीचं अंगण

आमच्या पहाऱ्याच्या मंडळीत नवीन माणूस आला आणि त्याला म्हटलं, "असं करू नको," की तो हमखास विचारायचा, "काहून?" त्या एका काहूनपायी अख्खी दुपार जायची. बंदुकीच्या दारूपाशी काय करू नये हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. कोणीतरी ते करून बसलं होतं, एवढंच. एकाने दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने त्यात तिखटमीठ घालायचं, असं होत होत किस्से साचत गेले. त्यातले मी डोळ्यांनी पाहिलेले तेवढेच सांगते. वाटेत घडलेले तेवढे घरच्यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, तोंडचे.

ते दिवस कापसाच्या तेजीचे. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे अमरावतीतल्या माणसांची झोप उडाली. आज भाव चढला, उद्या पडेल, गाड्या आत्ताच निघू द्या, हीच ओरड. आमच्या शेठच्या गाड्या अकोल्याच्या बाजाराला जायच्या. रस्त्यात लूटमार व्हायची, म्हणून सोबत बंदूकवाले असायचे. त्यांचे जमादार यासीनखाँ. हाताखाली देवराव आणि आमचे घरचे.

बंदुका ठासणीच्या. नळीत वरून दारू घालायची, गोळी घालायची आणि गजाने ठासायची. वाटेत घाई होऊ नये म्हणून दारूचं माप आणि गोळी कागदात गुंडाळून काडतुसं आधीच करून ठेवायची. ते काम जमादारांच्या अंगणात चालायचं, कारण बाकी सगळ्यांच्या घरात माळ्यापर्यंत कापूस भरलेला. कागद वळायला जमादारांची बायको जैनबभाभी आणि मी. गडीमाणसांची बोटं त्या कामाला जाड पडत.

*

पहिला किस्सा देवरावचा. देवराव उंचापुरा, हसरा, आणि घाईचा पुतळा. पावसाळ्यात दारूला ओल लागून तिची ढेकळं झाली होती. भाभीने ती लाकडी उलथण्याने हलक्या हाताने मोडायला सांगितली. देवरावला तेवढा धीर कुठला! तो सुरी उलटी धरून, तिच्या पाठीने, अंगणातल्या दगडावर ढेकळं फोडायला बसला. टक, टक, टक.

भाभीने मान वर केली. उठली, कोपऱ्यातली पाण्याची घागर उचलली आणि देवरावच्या हातावर, मांडीवर, दारूवर, सगळीकडे उपडी केली.

देवराव ताडकन उठला. "भाभी, हे काय केलं? सारी दारू गेली ना!"

"दारू गेली," भाभी म्हणाली. "तू नाई गेला."

लोखंड आणि दगड यांची गाठ पडली की ठिणगी, हे चकमक झाडणाऱ्या देवरावला रोज दिसत होतं. पण आपल्याच हातातली सुरी म्हणजेही लोखंडच, हे काही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवसापासून अंगणात लाकूड आणि पितळ, बाकी काही नाही.

*

दुसरा आमच्या घरच्यांचा. त्यांना आपल्या आठवणीचा फार अभिमान. एकदा अकोल्याहून परत आले आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा निघायचं म्हणून नळीत काडतूस सोडायला लागले.

जमादार म्हणाले, "पहले गज टाकून पाह्य. भरलेली नसंल कायवरून?"

"खाली हाय जमादार. माह्या ध्यानात हाय."

"काल काय जेवला तू?"

"काल?" घरच्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "भाकर, अंबाडीची भाजी अन् कांदा."

मी कागद वळत होते. मान वर न करताच म्हटलं, "काल एकादशी होती. उपास होता तुमचा."

जमादारांनी गज पुढे केला. घरच्यांनी तो नळीत सोडला. रिकाम्या नळीत गज तळाला लागला की खण्ण वाजतो. हा वाजला नाही. मऊ काहीतरी लागून थांबला आणि नेहमीपेक्षा चार बोटं जास्त बाहेर राहिला. वाटेत भरलेला बार तसाच आत होता. त्यावर दुसरा ठासला असता, तर उडताना नळीच फुटली असती, आणि नळीला तर ते गाल लावून धरायचे.

नळीत पाणी ओतून तो बार काढला. घरचे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून नुसते बघत बसले होते. संध्याकाळी मला म्हणाले, "आज सकाळी काय जेवलो होतो मी?" मी सांगितलं. पुढे कितीतरी दिवस ते रोज विचारत.

*

मुनीमजींचा किस्सा तसा लहान. शेठचे मुनीम गाड्या लवकर काढा म्हणून तगादा लावायला आले. पायात नाल ठोकलेले जोडे, हातात धुमसती चिलीम. त्या हंगामात शहरभर कापसाचे तंतू उडत असायचे. भुवयांवर, पापण्यांवर, मिशांवर. मुनीमजींच्या फेट्यावर तर पिंजलेल्या कापसाची आणखी एक टोपी चढली होती.

भाभी दारात आडवी उभी राहिली. "चिलीम बाहेर. जोडे बाहेर. फेटा झटकून या."

मुनीमजी तापले. "मला ओळखत नाही का तू? मी शेठचा मुनीम आहे."

"मले माईत हाय," भाभी म्हणाली. "दारूले कोन सांगंन?"

मुनीमजी बाहेरूनच बोलून गेले. आवाज मोठा होता, आत नीट ऐकू येत होतं.

*

आता गंगाबुढीचं सांगते.

थंडीचे दिवस. दारू उन्हात वाळायला पितळेच्या परातीत पसरून ठेवली होती. जवळ कोणी बसायचं नाही, दुरून राखण करायची. गंगाबुढी शेजारची, कानाने ठार बहिरी. त्या वेळी एका चुलीवरून दुसरी चूल पेटायची. विस्तव मागायला जायचं आणि गोवरीच्या तुकड्यावर निखारा घेऊन यायचं. बुढी पलीकडच्या घरून विस्तव घेऊन निघाली आणि जवळची वाट म्हणून मागच्या फाटकातून जमादारांच्या अंगणात शिरली. वारा सुटला होता. गोवरीवरून बारीक राख उडत होती.

देवरावने तोंड उघडलं. जमादारांनी त्याच्या तोंडावर हात दाबला. ओरडून बुढीला ऐकू जाणार नव्हतं. कोणी धावलं असतं तर ती दचकली असती, आणि निखारा खाली पडला असता.

भाभी उठली. धावली नाही. घरी पाहुणी आल्यासारखी हसत, हात पसरून पुढे गेली. परात आणि बुढी यांच्या मधोमध उभी राहून तिने बुढीच्या खांद्यावर हात टाकला. दुसऱ्या हाताने पदर असा धरला की वारा निखाऱ्याला लागू नये. मग ओठ दिसतील असं तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन बोलायला लागली. लिंबाचं लोणचं कसं झालं, लेकीकडून काही निरोप, गुडघे दुखतात का अजून. बोलता बोलता तिने बुढीला हळूच वळवलं आणि आल्या वाटेने फाटकाबाहेर नेलं. रस्त्याच्या पार पलीकडे सोडून आली.

परत आली ती फाटकातच खाली बसली. तिला उठवायला मी हात दिला.

दुसऱ्या दिवशी गंगाबुढी विहिरीवर सगळ्यांना सांगत होती, "जैनब किती मायाळू झाली वं. पहले तं ढुंकूनही पाहत नव्हती."

त्यानंतर दारूचं काम असेल त्या दिवशी मागचं फाटक आतून बांधायचं, आणि भाभीची चूलही थंड. सकाळीच भाजलेल्या भाकरी खायच्या.

*

हा वाटेतला, घरच्यांनी सांगितलेला. मूर्तिजापूरच्या अलीकडे झाडीतून कोणीतरी गाड्यांच्या मागे लागलं. देवरावने एक बार हवेत काढला. माणसं पांगली, पण देवरावला पुन्हा भरायची घाई. काडतूस शोधायलाही तो थांबला नाही. दारूने भरलेलं शिंग कमरेचं सोडून सरळ नळीच्या तोंडाशी नेलं. जमादारांनी बंदुकीच्या दस्त्याने त्याच्या मनगटावर असा फटका मारला की शिंग धुळीत जाऊन पडलं.

आत एखादी ठिणगी राहिली असली, तर मापाची दारू भडकते आणि बोट भाजतं. शिंग भडकलं तर हातच जातो. जमादारांनी हे समजावून सांगितलं. देवराव ऐकायला तयार नव्हता. सगळ्यांदेखत मारलं म्हणून अकोल्यापर्यंत तो जमादारांशी बोलला नाही. जेवायलाही वेगळ्या गाडीखाली बसला.

अकोल्याला गाड्या सुटल्या. तिथे दुसऱ्या कोणा व्यापाऱ्याच्या पहारेकऱ्याला लोक खाटेवर घालून नेत होते. त्याने शिंगातूनच नळी भरली होती. खाटेला एक माणूस कमी पडत होता म्हणून देवरावने खांदा दिला. वैद्याच्या दारापर्यंत गेला. त्या माणसाच्या हाताला गुंडाळलेलं फडकं पुढे नुसतं लोंबत होतं.

परत आला तेव्हा जमादार बैलांना पाणी दाखवत होते. देवराव त्यांच्यासमोर उभा राहिला आणि मनगट पुढे केलं.

"जमादार, जिथं मारलं होतं ना, तिथंच अजून एक मारा."

जमादारांनी त्याच्या हातात बैलाचा कासरा दिला.

*

आणि एक त्या उन्हाळ्यातला. माणसं गाड्या घेऊन गेली होती, परतायची होती. भर दुपारी पेठेतल्या कापसाच्या वखारीला आग लागली. जळत्या कापसाचे पुंजके वाऱ्यावर उडत घराघरांवर यायला लागले. लोक भांडीकुंडी घेऊन पळत होते. मी भाभीकडे धावले, तर ती मागच्या खोलीत दारूच्या घड्याजवळ उभी. घड्याच्या तोंडाला चामडं बांधलेलं, आणि वरच्या कौलांवर टपटप काहीतरी पडत होतं.

"भाभी, चला ना."

"हा घडा इथं ठेवून? मंग गंगाबुढीचं घर? तुह्यं घर?"

आम्ही गोधडी भिजवून घड्याभोवती गुंडाळली. दोघींनी उचलला. अंगण ओलांडताना एक पेटता पुंजका माझ्या खांद्याजवळून गेला. भाभी म्हणाली, "वर पाहू नको. पायाकडं पाह्य." मागच्या मोटेच्या विहिरीशी गेलो आणि गोधडीसकट घडा आत सोडून दिला. बुडबुडे येत राहिले तोवर आम्ही काठावरून हललो नाही.

आग आमच्या गल्लीच्या तोंडाशी विझली. माणसं परत आली. दुसऱ्या दिवशी लगेच गाड्या निघायच्या होत्या.

जमादारांनी विचारलं, "दारू कुठं हाय?"

"विहिरीत," भाभी म्हणाली.

जमादार विहिरीवर गेले. पोहरा सोडला, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. "खारट हाय. दारूतला सोरा उतरला पाण्यात," म्हणाले, आणि पोहऱ्याचा दोर गुंडाळायला लागले.

बाजारात दारू मिळेना. शेठ थांबेना. तिघे रिकाम्या बंदुका खांद्यावर टाकून निघाले. ते परत येईपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही. वाटेवर कोणाची चाहूल लागली तरी मी दारात. भाभी मात्र नवी दारू येईल तेव्हा लागतील म्हणून कागद कापत बसायची. हात थांबवत नव्हती, एवढंच.

सगळे सुखरूप आले. घरच्यांनी मला वाटेची हकीकत सांगितली, आणि मी ती सांगायला तशीच भाभीकडे गेले.

म्हटलं, "भाभी, ऐकलं का? एरवी वाटेत डोळ्याला डोळा न लावणारे जमादार मूर्तिजापूरच्या मुक्कामी भर दुपारी झोपले म्हणे. बंदूक रिकामी, भडकायची भीती नाही, म्हणून उशाला नाही, मांडीवर नाही. गाडीला टेकवून ठेवली, पागोटं डोक्याखाली घेतलं अन् आडवे झाले. हलवून उठवावं लागलं त्यायले."

भाभीची कात्री थांबली. "आडवे झाले?"

"हो."

"घोरत होते?"

"हो म्हणे. चांगले घोरत होते."

तिने कापलेले कागद गोळा केले, नीट एकावर एक रचले आणि माझ्याकडे सरकवले.

"हे घेऊन जाय," ती म्हणाली. "चुलीत घाल."