गायकवाड बाईंचा निकाल

गायकवाड बाई टेबलाखाली चपला काढून, पाय उपड्या बादलीवर ठेवून बसत. समोर कोणीही येवो, पाय खाली येत नसत. "पाय सुजतात माझे. तुम्ही बोला," एवढंच म्हणत. सदाशिव पेठेतल्या आमच्या महापालिकेच्या माध्यमिक शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. मी तिथे गणित शिकवायचे.

पेठेतली मुलं आमच्याकडे यायची केव्हाच थांबली होती. येत ती वॉचमनची, मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बायकांची, बांधकामावरच्या मजुरांची. घरी कोणी कन्नड बोलायचं, कोणी नेपाळी, कोणी भोजपुरी. पेपर मात्र मराठीत. दहावीचा निकाल लागला की जवळच्या खासगी शाळेवर गुणवंतांचा फ्लेक्स चढे आणि आमच्या शिक्षकांच्या खोलीत कोणी कोणाकडे बघत नसे. बाई म्हणत, "अहो, त्यांनी निवडून घेतली, आपण येतील ती घेतली. पण हे सांगायचाही आता कंटाळा आलाय मला."

एका जूनमध्ये शिक्षण विभागातले एक साहेब आले. नववीतून जेमतेम वर आलेल्यांची नावं काढून टाका आणि त्यांना दहावीला बाहेरून बसवा, म्हणजे शाळेचा निकाल आपोआप वर जाईल, असं त्यांनी सुचवलं. म्हणाले, "बाकीच्या शाळा तेच करतात, बाई."

"बाहेरून?" बाई म्हणाल्या. "साहेब, ही बाहेरूनच आलीत. आता अजून किती बाहेर घालवू?"

नावं राहिली. त्यात रेणुका होती. आईवडील कलबुर्गीकडचे, बांधकामावर. अपूर्णांक आले की तिचा चेहरा पडे, पण तास कधी बुडवला नाही तिने. दहावीत ती गणितात नापास झाली, तिच्यासारखे आणखीही काही झाले आणि शाळेचा निकाल घसरला. भर बैठकीत, सगळ्या मुख्याध्यापकांसमोर बाईंना जाब विचारला गेला. परत आल्यावर त्यांनी चपला काढून पाय बादलीवर ठेवले. मग म्हणाल्या, "चहा सांगा हो. आज कटिंग नको, पूर्ण कप."

पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायला रेणुका आलीच नाही. कुटुंब लोणी काळभोरला नव्या कामावर गेलं होतं. आम्ही दोघी बसने तिथे गेलो. पत्र्याच्या खोलीबाहेर ती धाकट्या बहिणीला भरवत बसली होती.

"बाई, मला नाही येणार गणित."

"मला तरी रोज शाळेत यायला कुठे जमतं?" बाई विटांच्या ढिगावर टेकत म्हणाल्या. "तरी येते. तू नुसती परीक्षेला बस."

ती बसली. पुन्हा नापास झाली. पुढच्या वर्षी पट कमी म्हणून आमची शाळा दुसऱ्या शाळेत विलीन केली आणि त्याच सुमारास बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभ करायला शाळाच उरली नव्हती. माझी बदली हडपसरला झाली. रविवारी मी रेणुकाला फोनवर गणितं समजावायचे. कधी ती उचलायची, कधी नाही.

मग एका दुपारी तिचाच फोन आला. गणित सुटलं होतं, काठावर. मी लगेच बाईंना कळवलं.

"हा निकाल आता कुठल्या शाळेच्या नावावर धरायचा हो?" बाईंनी विचारलं.

"कुठल्याच नाही, बाई. पुन्हा बसलेल्यांचा धरत नाहीत. आणि आपली शाळाही नाही आता."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "तिचा तिलाच राहू दे."