सबनीस काकांचे सिंह

जुन्या वस्तू जमवणाऱ्या माणसाकडे वस्तूंपेक्षा किस्सेच जास्त जमतात. वस्तू घरात आणायला बायकोची परवानगी लागते, किस्से आपले आपण आत येतात. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आमच्या सबनीस काकांचं बेसमेंट असंच भरलं होतं. काका मूळ नागपूरचे, हाडांचे डॉक्टर, तेव्हा नुकतेच रिटायर झालेले. छंद एकच, जर्मन आरमारातल्या अधिकाऱ्यांच्या जुन्या तलवारी. मुठीच्या टोकाला सिंहाचं पितळी डोकं, पात्यावर नांगर आणि जहाजं कोरलेली. रविवारी दुपारी आम्ही तिघं तिथे बसायचो. काका, शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेला फ्रँक, आणि मी. मी सॉफ्टवेअरवाला, इतिहासाशी माझा संबंध दहावीपुरता.

*

घरी येणाऱ्या मराठी पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. मराठी माणूस आणि तलवारी जर्मन? आपल्याकडच्या काय वाईट आहेत?

काका हसून विषय बदलायचे. एकदा मीच खोदून विचारलं. अमेरिकेतल्या त्यांच्या पहिल्या हिवाळ्यात एका दुकानाच्या काचेमागे हा सिंह दिसला होता, आणि शेजारी आपल्याकडचीही एक तलवार होती. "ती बघितली की घरची आठवण यायची," काका म्हणाले. "सिंहाकडे बघताना नुसता सिंह दिसायचा. म्हणून सिंह घेतला."

*

इंटरनेटवरच्या लिलावात मी माझी पहिली तलवार घेतली आणि मिरवत काकांकडे नेली. बरोबर माझी मुलगी होती, तेव्हा पहिलीत.

काकांनी सिंहाच्या आयाळीवरून नख फिरवलं. खऱ्या मुठीवर आयाळीचा केस न् केस हाताने कोरलेला लागतो. माझा सिंह साच्यातून काढलेल्या मोदकासारखा गुळगुळीत होता. काकांना गोड करून सांगणं कधी जमलंच नाही. पेशंटनाही ते असंच सांगत असणार.

"ही तुझ्या मुलीपेक्षा लहान आहे," ते म्हणाले.

मुलीने तलवारीकडे नीट बघून घेतलं. "सो, इज शी माय सिस्टर?"

*

अकरा सप्टेंबरनंतरचा पहिलाच हिवाळा. एक तलवार विकत घेऊन काका आणि फ्रँक गाडीने परत येत होते. काका ड्राइव्ह करत होते. हायवेवर पोलिसाने थांबवलं आणि गाडीत काही शस्त्र आहे का म्हणून विचारलं. काका हो म्हणाले.

पुढे बराच वेळ दोघं बर्फात उभे होते. डिकीतली तलवार बघून पोलिसाने फ्रँकला विचारलं, ही तुमची का? फ्रँक म्हणाला, यांची. थोड्या वेळाने त्याने पुन्हा फ्रँकलाच विचारलं. काकांकडे तो बघतच नव्हता. मग एकदाचा वळला आणि त्याने काकांकडे पासपोर्ट मागितला. काका किती वर्षांचे अमेरिकन नागरिक! शेवटी लायसन्सवर भागलं, आणि त्याने जाऊ दिलं.

गॅरेजमध्ये गाडी लावल्यावर काका म्हणाले, "तलवारीचे सगळे कागद मी बरोबर ठेवले होते, फ्रँक. स्वतःचे ठेवायचं लक्षातच आलं नाही."

*

दसऱ्याला काकू बेसमेंटमध्ये तलवारींची पूजा करायच्या. पात्याला डाग पडेल म्हणून काका अस्वस्थ. शेवटी हळद-कुंकू म्यानाला आणि झेंडूचं फूल मुठीशी, अशी तडजोड झाली. एका वर्षी फ्रँकही आला होता. त्याने तरुणपणी युद्ध पाहिलेलं, पण त्याबद्दल तो बोलत नसे. ही प्रार्थना कशासाठी, असं त्याने काकूंना विचारलं.

"वापरायची वेळ येऊ नये म्हणून," काकू म्हणाल्या.

फ्रँकने बूट काढले आणि गुडघे टेकले. आम्ही प्रसाद घेऊन वर गेलो, तो मात्र बराच वेळ खालीच होता.

*

गावातल्या जुन्या वस्तूंच्या शोमध्ये काकांचं एक टेबल असे. कुणीही तलवार आणावी, काका ओळखून सांगणार. एकदा तिथे पन्नाशीची एक बाई घाईघाईने आली. वडील मागून वॉकर घेऊन येत होते, तेवढ्यात तिने भराभर सांगून टाकलं. दुसरं महायुद्ध संपताना ते अमेरिकन आरमारात साधे खलाशी होते, आणि एका जर्मन अधिकाऱ्याने शरण येताना आपली तलवार त्यांच्या हातात दिली होती. आईच्या आजारपणात तिने ती गुपचूप विकली आणि तशीच दिसणारी नवी आणून भिंतीवर लावली. आता वडिलांनी हट्ट धरला होता, की तज्ज्ञालाच दाखवायची.

"मला खोटं बोलता येत नाही," काका तिला म्हणाले.

तेवढ्यात म्हातारे पोचले. काकांनी तलवार हातात घेतली. खऱ्या सिंहांना बहुधा काचेचे डोळे असतात, जहाजाच्या दिव्यांसारखे, एक लाल आणि एक हिरवा. या सिंहाचे दोन्ही लाल होते. काकांनी तलवार अलगद टेबलावर ठेवली आणि ती मिळाली कशी, ते सांगा म्हणाले. म्हातारे सांगत राहिले. तो अधिकारी रडत होता, आणि त्याला काय म्हणावं ते न सुचून यांनी त्याला आपली सिगरेट दिली होती. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्या हकिकतीत मला कुठेही खोट दिसत नाही," ते म्हणाले.

मुलीने डोळे पुसले आणि ती गाडी दाराशी आणायला गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत म्हातारे थांबले. मग त्यांनी काकांचा हात हातात घेतला.

"माझ्या सिंहाचा एक डोळा हिरवा होता, डॉक्टर," ते म्हणाले. "पण आता तिला शांत झोप लागेल."