करंगळीएवढं शेत

देवनहळ्ळीहून विमान उठलं आणि मी खिडकीला नाक चिकटवलं. खाली चौकोनच चौकोन. आमच्या बंगळूरात जमीन म्हटली की थर्टी-फॉर्टीची साइट (तीस बाय चाळीस फुटांचा प्लॉट). त्यापलीकडे कुणाची कल्पना जात नाही. आणि मी निघाले होते चक्क गोल शेत बघायला! पन्नाशी उलटल्यावर, एकटी, इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरच्या एका खेड्यात. आनंदानं पाय जमिनीवर नव्हते, आणि विमानात बसल्यावर तर ते खरंच नव्हते.

निमित्त मारियाचं. गेल्या वर्षी आम्ही मैत्रिणी बालीला गेलो तेव्हा ही पोरगी हॉटेलात आमची खोली आवरायला यायची. इंग्रजी फर्डं आणि स्वभाव बोलघेवडा, त्यामुळे आमची गट्टी जमली. पुढं नोकरी सोडून ती गावी परतली आणि तिचा निरोप आला, "इबू सुमा (इबू म्हणजे आई, मोठ्या बाईला असंच म्हणतात), आमच्या डोंगराला पाटाचं पाणी आलंय. गोल शेताची नव्यानं वाटणी आहे. मला माझ्या बाबांचा वाटा हवाय. तुम्ही याल?"

न यायला काय झालं! बंगळूरात हेब्बाळच्या घरी माझ्यासोबत माझी आत्या राहते. ती इथल्याच पेरूच्या बागेत वाढली. आता तिथं इमारती आहेत. निघताना ती म्हणाली, "सरी (बरं), जाऊन ये सुमे. स्वल्प जपून. आणि त्या पोरीला वाटा मिळतो का ते येऊन मला सांग. फोटो नकोत, नीट सांग."

बालीहून छोटं विमान, मग न संपणाऱ्या वळणांचा घाट. रुतेंग नावाच्या गारठलेल्या गावापासून पुढं 'ओतो कायू' (बाकं ठोकलेला मालट्रक). आत माणसं, तांदळाची पोती, दोन डुकरं आणि या सगळ्यांवर मात करणारी कर्कश गाणी. मला तर मजाच वाटत होती. पण अर्ध्या वाटेत व्हायचं तेच झालं. भाषा येईना, म्हणून मी शाळेतल्यासारखी करंगळी वर केली. ड्रायव्हरनं आरशात बघितलं, स्वतःची करंगळी वर केली आणि गोड हसला. मी पुन्हा दाखवली, त्यानंही पुन्हा दाखवली. मग ट्रकभर सगळ्यांनी मला प्रेमानं करंगळ्या दाखवल्या. शेवटी एका बाईनं माझा चेहरा वाचला आणि गाडी थांबवली. आपली करंगळीची भाषा जगभर चालत नाही, हे मी शिकले.

शेवटच्या वळणावर ते दिसलं आणि मी भर ट्रकात ओरडलेच. दरीत कोळ्याचं एक प्रचंड जाळं पसरलं होतं, हिरवंगार! मधोमध एक बिंदू आणि त्यातून चहूकडे निघालेले बांध. या शेताला 'लिंगको' (गावाचं सामायिक शेत) म्हणतात. मारिया रस्त्यावरच उभी होती. मिठी मारून म्हणाली, "हे जुनं आहे. वाटणी पलीकडच्या उतारावर, परवा."

गावात शिरताच गवती छपराच्या उंच, शंकूसारख्या घरापुढं माझं स्वागत झालं. कुणीतरी माझ्या हातात पांढराशुभ्र कोंबडा दिला. पाहुण्याचा हा मान असतो. हात लावून तो परत द्यायचा, पण हे मला कुणी सांगावं? मी त्याला उराशी धरला, त्यानं बांग दिली, मी दचकले आणि मान माझ्या हातून निसटून डुकरांच्या गोठ्यात पळाला. अख्खं गाव त्याच्यामागं! तो परत मिळेपर्यंत मी सगळ्यांच्या ओळखीची झाले होते.

कोंबडा धरून आणला तो योसेफ आजोबांनी. हे गावचे 'तुआ तेनो', म्हणजे शेतवाटणी करणारे वडीलधारे. त्यांनी माझा हात हातात घेतला तेव्हा काहीतरी टणक बोचलं. पाहते तर त्यांची करंगळी अंगठ्याहून जाड, आल्याच्या गड्ड्यासारखी. तरुणपणी म्हशीच्या दोरात चिरडली आणि वेडीवाकडी सांधली, असं मारियानं सांगितलं. मी ट्रकातली गोष्ट सांगितली. आजोबा इतके हसले की डोळे पुसायला लागले.

मारियाच्या घरी तिची आई आणि ती, दोघीच. चुलीवर भात, कसाव्याचा पाला, डोळ्यांतून पाणी काढणारी मिरची आणि खलात कुटलेली कॉफी. फिल्टर कॉफीवर पोसलेली मी, पण खोटं कशाला बोलू, तीन पेले प्यायले. मग 'रेबोक' (भाजलेल्या मक्याचं गोड पीठ) आलं. थेट आमचं हुरिहिट्टू! मी मोठा घास भरला, तेवढ्यात मारियानं कोंबड्याची नक्कल केली आणि ते पीठ माझ्या नाकातोंडातून तिच्या आईच्या अंगावर गेलं.

हसणं ओसरल्यावर मारिया गंभीर झाली. तिचे बाबा वारले. भाऊ मलेशियात ताडतेलाच्या मळ्यात आहे, तिकडेच लग्न करून राहिला. गावातली निम्मी तरुण मुलं अशीच बाहेर आहेत. "आणि मी उलटी आले. आता डांबरी रस्ता आलाय, पाणी आलंय. मला वर भात, बांधाला कॉफी आणि घराला एक पाहुण्यांची खोली करायचीय. पण बायकांना वाटा देत नाहीत. घेणारा पुरुष नसेल तर बाबांचा हिस्सा गावात जमा होणार. नाहीच मिळाला तर पुन्हा बाली. चादरी बदलायला."

वाटणीच्या दिवशी उतारावर सारा गाव जमला. मधोमध एक खुंट रोवला होता. पद्धत अशी की तुआ तेनो प्रत्येक घरासाठी खुंटावर आपलं बोट टेकवतात आणि बोटाच्या दोन्ही कडांना सुरीनं खूण करतात. त्या खुणांपासून शेताच्या कडेपर्यंत सरळ दोऱ्या ताणतात, चाकाच्या आऱ्यांसारख्या. म्हणजे खुंटापाशी बोटभर, पण कडेला जाईतो मोठं शेत. खुंटावरचा केसभर फरक तिथं कितीतरी पावलांचा होतो. कुणाला अंगठा, कुणाला तर्जनी, घरातल्या माणसांप्रमाणे.

मारियाच्या बाबांचं नाव आलं आणि सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती पुढं झाली. "मी घेणार. नांगर मी धरते, बांध मी घालते."

तिचा चुलतभाऊ फ्रान्स उठला. माणूस वाईट नव्हता, सकाळीच त्यानं मला केळी दिली होती. "ती उद्या लग्न करून जाईल. मग आपली जमीन दुसऱ्या गावात जाणार." बरेच जण माना डोलवू लागले. मारिया पुढं उभी होती, तरी मधूनमधून मान वळवून मला इंग्रजीत सांगत होती. आजोबांनी सुरी पुसायला घेतली. शेवटी फ्रान्सच म्हणाला, "बरं, रिकाम्या हातानं नको पाठवायला. करंगळीएवढा द्या."

"करंगळी?" आजोबांनी विचारलं.

"हो, करंगळी."

"सगळ्यांसमोर सांगतोयस? माझ्या हाताची?"

"मग वाटणी आणखी कुणाच्या हातानं होते?" फ्रान्स वैतागून म्हणाला.

आजोबांनी सावकाश उजवा हात वर केला. चार बोटं मिटली आणि ती गड्ड्यासारखी करंगळी उन्हात उभी राहिली. मग कुठून तरी एक म्हातारी खुदकली आणि सगळा उतार हसायला लागला. फ्रान्सनं कपाळावर हात मारला, मग तोही हसला. दिला शब्द परत कसा घेणार? आजोबांनी करंगळी खुंटावर आडवी टेकवली आणि दोन्ही बाजूंना खुणा केल्या. त्या दिवशी खुंटावर तेवढी रुंद खूण दुसरी नव्हती. मारिया दोरीचं टोक घेऊन उताराच्या कडेकडे जी धावत सुटली, ती मागं वळून बघेना. मी इकडे टाळ्या वाजवत रडत होते, अगदी उघड.

परतताना खाली पुन्हा आमचे चौकोन दिसले. हेब्बाळला आले तेव्हा आत्या दारातच खुर्ची टाकून बसली होती. "मिळाला का?" पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं, दोरी ताणून धावण्यापर्यंत. तिनं स्वतःची करंगळी वर धरून बघितली.

"बाग विकली तेव्हा हक्क सोडल्याच्या सह्या करायला मला लग्नाच्या मांडवातनं उठवून नेलं होतं," ती म्हणाली. "माझ्या वडिलांनी, तुझ्या आजोबांनीच. कुणी करंगळीसुद्धा पुढं केली नाही बघ." मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि म्हणाली, "त्या म्हाताऱ्यानं बोट वर केलं ना, तिथपासून परत सांग."