रंगीत हातांच्या नोकऱ्या

केमिस्ट लोकांच्या घरी वर्तमानपत्र येतं ते फक्त नोकरीच्या जाहिरातींसाठी. बाकी बातम्या कंपनीच्या बसमध्येच मिळतात. कोण कुठे चिकटला, कोणाची बढती अडली, कोण गुजरातेत निघाला, हे सगळं बसमधून उतरतं आणि आमच्या व्हरांड्यात येऊन बसतं. मी भिवापूरची, सातवी शिकलेली. त्यांची केमिस्ट्री मला कळत नाही. पण चहा गाळताना कान तर उघडेच असतात! आणि किस्से म्हणजे अंगणातल्या निंबाची पानं. एकीकडे झाडून घ्या, दुसरीकडे ढीग तयार.

आमचे हे, म्हणजे लांजेवार, कळमेश्वरच्या एका रंगाच्या कंपनीत शिफ्ट केमिस्ट. कापड रंगवायचे रंग तिथे बनतात. शेजारच्या खोल्यांत मेश्राम भाऊजी, तेही तिथेच. त्यांची सुमन माझी मैत्रीण. तिसरा धोटे, अजून बिनलग्नाचा, म्हणून जेवायला कधी आमच्याकडे, कधी त्यांच्याकडे.

*

रंगाच्या कंपनीत ज्या आठवड्यात जो माल, त्या आठवड्यात तसे हात. कधी पिवळे, कधी जांभळे. साबणाने काही होत नाही. नखांतला रंग तर ब्लीचिंग पावडरने घासल्याशिवाय जात नाही, आणि रोज रोज हात जाळून घेणार कोण?

एकदा धोटेने सुट्टी टाकली. मावशी वारली, बैतूलला जातो म्हणाला. परत आला, बसमध्ये चढला आणि दांड्याला धरून उभा राहिला. नखं कशी, नवरदेवासारखी लख्ख!

सगळ्या बसने ती नखं पाहिली. मग मागून मेश्राम भाऊजींचा आवाज आला, "काहून गा धोटे, मावशी कोणत्या कंपनीत होती?"

धोटे खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "पोस्ट आधीच भरली होती."

*

याच धोटेचा दुसरा किस्सा. वर्तमानपत्रात जाहिरात आली, अनुभवी केमिस्ट पाहिजे. कंपनीचं नाव नाही, नुसता पोस्ट बॉक्सचा नंबर. धोटेने अर्ज केला. इंग्रजी मेश्राम भाऊजींनी लिहून दिलं. सध्याची नोकरी का सोडता, या जागी दोघांनी मिळून झकास वाक्य टाकलं. आमच्या साहेबांना हुशार माणसाची कदर नाही!

काही दिवसांनी मोठ्या साहेबांनी धोटेला बोलावलं. टेबलावर तोच अर्ज. जाहिरात आमच्याच कंपनीची होती!

"धोटे, अर्ज चांगला आहे," साहेब म्हणाले. "इंग्रजी तर फारच सुधारलंय. फक्त नियमाप्रमाणे सध्याच्या साहेबांची परवानगी जोडलेली नाही."

"सर, ते साहेब तर तुम्हीच."

"म्हणूनच सांगतो. मिळणार नाही."

हे मोठे साहेब पुण्याकडचे. माणूस वाईट नाही, पण नियम म्हणजे नियम. एकदा म्हणे स्वतःच सेफ्टी बूट न घालता गेटवर आले. वॉचमनची अडवायची हिंमत झाली नाही, तर त्यालाच रागावले, आणि आल्या पावली बूट घालायला परत गेले.

*

पुढचा किस्सा सुमन हसत सांगते. मला अजून हसू येत नाही.

रिॲक्टर म्हणजे माल शिजवायचं मोठं बंद पातेलं. आमचे हे ड्यूटीवर असताना ते उतू गेलं. दूध जातं तसं, पण निळं. यांनी तोंड फिरवलं आणि चष्मा लावलेला होता म्हणून डोळे वाचले. घरी आले तेव्हा भुवया निळ्या, कान निळे, केसही निळे.

घरमालकीण दारातच होती. म्हणाली, "गोकुळाष्टमीले टाइम आहे ना भाऊ अजून!"

सगळे हसले. हेही हसले. आमची बबली मात्र बापाला ओळखेना, किंचाळून रडायला लागली. मी यांचा एक डोळा उघडून पाहिला, मग दुसरा पाहिला. पुन्हा पहिला पाहिला.

चहा देताना विचारलं, "तुमच्या शिक्षणात दुसरं काम नाही का हो तिथं?"

"आहे ना, लॅबमध्ये. नुसती मालाची तपासणी. जनरल शिफ्ट, सकाळी आठची बस अन् संध्याकाळी घरी."

लॅबचे केमिस्ट गुजरातेत निघाले होते, जागा रिकामी होणार होती. पण साहेबांना तिथे एम.एस्सी. पाहिजे होता आणि आमचे हे बी.एस्सी. त्या दिवसापासून कंपनीची बस थोडी उशिरा आली तरी मी दारात येऊन उभी राही. बस जवळ आली की मी आधी यांच्या भुवया पाही.

*

यांनी त्या जागेसाठी अर्ज केला. साहेब मुलाखत घेणार म्हणून आमच्या व्हरांड्यात प्रॅक्टिस सुरू झाली. मेश्राम भाऊजी साहेब झाले, पाय टेबलावर.

"लॅबमध्ये काहून यायचं आहे तुम्हाले?"

"सर, मला विश्लेषणाची आवड आहे."

सुमन म्हणाली, "अवं माय! घरी भाजीत मीठ नाही तेही सांगता येत नाही भाऊजीले, अन् म्हणे विश्लेषण!"

मला राहवलं नाही. आतूनच म्हटलं, "घरी लेकरू आहे म्हणून सांगा ना सरळ."

मेश्राम भाऊजींनी पाय खाली घेतले. "वहिनी, लेकरं सगळ्याइच्याच घरी असतात. त्याच्यावर पोस्ट नाही भेटत."

खरी मुलाखत झाली. यांनी विश्लेषणाची आवड सांगितली. साहेब म्हणाले, "बघू."

"बघू म्हणजे काय जी?" मी मेश्राम भाऊजींना विचारलं.

"बघू म्हणजे एम.एस्सी. बघू!"

*

त्यानंतर बबलीचा वाढदिवस आला. साहेबांना बोलवावं की नाही, यावर बसमध्ये चर्चा झाली. मेश्राम भाऊजी म्हणाले, "बोलवायचं असते गा. ते येत नसतात."

आणि साहेब आले! संध्याकाळी दारात जीप थांबली. दुपारपासून प्लँटवर उभे होते, तिथूनच सरळ आलेले. आम्ही सगळे उभे राहिलो. धोटेच्या हातातली चिवड्याची बशी वाकडी झाली.

आता आमच्या घरी एक कायदा आहे. बबलीच्या अंगावर एकदा पुरळ उठलं, तेव्हापासून मीच केलेला. कंपनीतून आलेल्या माणसाने आंघोळ केल्याशिवाय लेकराला हात लावायचा नाही. बबली तीन वर्षांची, पण कायदा माझ्यापेक्षा तीच कडक पाळते.

साहेबांनी हात पुढे केले. "ये बाळ."

बबली मागे सरकली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "पहिले आंघोळ!"

यांचा चेहरा पांढरा पडला. मेश्राम भाऊजी पंख्याकडे पाहू लागले.

"काय म्हणाली ती?" साहेबांनी मला विचारलं.

लहान आहे जी, काहीही बोलते, असं म्हणायचं होतं. पण तोंडातून खरंच निघालं. "आमच्या घरी नियम आहे जी. कंपनीतून आलं की आंघोळ केल्याशिवाय लेकराले हात नाही लावायचा."

"सगळ्यांना?"

"सगळ्याइले जी."

साहेबांनी आपली बाही पाहिली. पिवळी भुकटी होती. "मग मला सूट कशी?" असं म्हणून त्यांनी बूट काढले. "टॉवेल द्या."

न्हाणीत पाणी पडत होतं आणि बाहेर चिवड्याला कोणी हात लावेना. धोटेने यांच्या कानाशी विचारलं, "भाऊ, नोकरी भेटून राहिली का जाऊन राहिली?"

"चूप बस गा!"

साहेब बाहेर आले ते यांची चौकडीची लुंगी आणि बनियन घालून, केसांतून पाणी गळतंय. खाटेवर बसले, पुन्हा हात पुढे केले. बबली जवळ गेली. तिने त्यांच्या हाताचा वास घेतला, मग मानेजवळ नाक नेलं.

"अजून वास येऊन राहिला," ती म्हणाली.

साहेबांनी यांच्याकडे पाहिलं. "लांजेवार, तुमचंही रोज असंच?"

"हो सर. मी दोनदा करतो."

"आणि सेकंड शिफ्ट करून येता तेव्हा?"

"तेव्हा ती झोपलेली असते सर. दुरूनच पाहतो."

साहेब उठले. न्हाणीत जाऊन त्यांनी बादली पुन्हा नळाखाली लावली आणि पाठमोरेच म्हणाले, "सोमवारपासून आठच्या बसने या."

"सर, पण ते एम.एस्सी..."

"वहिनी," साहेब आतून ओरडले, "दुसरा साबण आहे का घरात?"