ताम्हणाचं पॅकिंग

आमच्या घरात अजूनही असंच मानतात की दादाचा पाय माझ्यामुळे गेला. गेला म्हणजे आखूड झाला. चालताना तो डावीकडे झुकतो. पाहुणे आले की तो स्वतःच हसत सांगतो, "बहिणीने गाडी दुरुस्त केली होती ना आमच्या, त्याचा प्रसाद!" पाहुणे हसतात. मी कप गोळा करून आत जाते.

ती गाडी म्हणजे एक सेकंडहँड टू-स्ट्रोक मोटरसायकल. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही मुलुंडला राहायचो, आणि डोंगराखाली बंद पडलेल्या एका खाणीत दादा आणि त्याचे मित्र रविवारी मातीत गाड्या उडवायचे. आधीच्या मालकाने नुसत्या वेगासाठी इंजिन आतून घासून ठेवलं होतं. त्यामुळे हळू चालवताना गाडीत जीवच नसायचा, आणि ॲक्सिलेटर जरा जास्त पिळला की ती लाथ मारल्यासारखी सुटायची. खडीच्या चढावर पुढचं चाक वर यायचं. दादा दोनदा पडला होता आणि दोन्ही वेळा त्याने खडीला शिव्या दिल्या होत्या.

मला यंत्रातलं कळायचं. हे सांगायला आता लाज वाटायचं कारण नाही, तेव्हा वाटायची. चाळीतल्या बायकांची शिलाई मशीनं मीच उघडून बसवायचे. मेकॅनिकलच्या डिप्लोमाचा फॉर्म भरून मी कपाटात ठेवला होता, त्यावर फक्त बाबांची सही हवी होती. बाबा हो म्हणत नव्हते. "मुलीच्या जातीने पाने-पकडी घेऊन काय फिरायचं?" एवढंच म्हणून पेपर उघडायचे. फॉर्म द्यायची मुदत महिनाअखेरीस संपत होती.

दादा म्हणाला, "तू माझी गाडी सरळ कर. खाणीतली रेस मी धडपणे पुरी केली ना, की बाबांची सही मी आणून देतो. माझं ऐकतात ते."

ते खरंच होतं. त्याचं ऐकायचे.

सिलिंडर आणि त्यावरचं हेड यांच्यामध्ये एक पातळ पॅकिंग असतं. तिथे आणखी एक पॅकिंग घातलं की आत थोडी जागा वाढते आणि धक्का मऊ होतो. त्यासाठी मला तांब्याचा पत्रा हवा होता. आईचं पूजेचं ताम्हण कडेला भोक पडून माळ्यावर गेलं होतं. फुटकं भांडं देवाला चालत नाही, आणि देवाचं म्हणून भंगारवाल्याला द्यायलाही तिचं मन होत नव्हतं. मी मागितलं तर तिने जरा विचार करून दिलं. म्हणाली, "पायाखाली येऊ देऊ नकोस म्हणजे झालं."

त्याच्या बुडातून मी बांगडीएवढं कडं कापलं, कानशीने घासलं, स्टोव्हवर लाल होईस्तोवर तापवून पाण्यात टाकलं. तांबं असं केल्यावर मऊ पडतं आणि नीट बसतं. मग कार्ब्युरेटरची सुई एक खाच वर घेतली, ठिणगी किंचित उशिरा पडेल अशी केली. चार वेळा उघडलं, चार वेळा लावलं. सायलेन्सरला टेकून मनगट भाजलं त्याचा डाग अजून आहे. शेवटी एका दुपारी दादा मागच्या मोकळ्या जागेत फेरी मारून आला आणि गाडीवरून उतरायचंच विसरला. "काय गं केलंस तू? लोण्यासारखी ओढतेय यार!" म्हणाला. इतकं खूश मला त्याने त्याआधी कधी केलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

रेसच्या आदल्या दिवशी मी आणि आई एका हळदीकुंकवाला गेलो होतो. तेवढ्यात त्याचे मित्र येऊन गाडी चालवून गेले, हे मला नंतर कळलं. त्यांनी काय म्हटलं तेही कळलं. "ही काय बायकांची गाडी केलीस रे? आवाजच नाही. बहिणीला बसव हिच्यावर."

रविवारी खाणीत दोरी बांधली होती. गाड्या आणि पुरुष दोरीच्या आत, आम्ही डबे घेऊन बाहेर. दादाने किक मारली. तो आवाज माझ्या गाडीचा नव्हता. कोरडा, चिडका, पूर्वीचा होता. मी दोरीपाशी धावले. "दादा, आवाज वेगळा येतोय! उतर आधी, मला बघू दे!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग मित्रांकडे पाहिलं. "गप गं. लोकं बघतायत," म्हणाला.

दुसऱ्याच चढावर पुढचं चाक वर आलं, गाडी उलटली आणि त्याच्या मांडीवर पडली.

इस्पितळात नर्सने त्याच्या कपड्यांचं गाठोडं माझ्या हातात दिलं. पँटच्या खिशात काहीतरी कडक लागलं म्हणून हात घातला, तर माझं तांब्याचं कडं. आदल्या संध्याकाळी काढून खिशात टाकलेलं. मी ते त्याच्यासमोर धरलं. तो रडायला लागला. "आईबाबांना नको सांगू. मित्रांनी भरीस घातलं म्हणून काढलं हे ऐकलं तर बाबा तोंड बघणार नाहीत माझं. पाय बरा होऊ दे, मीच सांगतो. आईशप्पथ."

बाहेर बाकावर आई बसली होती. ती म्हणाली, "देवाचं तांबं मशीनमध्ये घातलंस. मी दिलं, माझंही चुकलं." मी हात पाठीमागे घेतला. ते तांबं इंजिनात नव्हतंच, ते माझ्या मुठीत होतं.

बाबांनी सही केली नाही. फॉर्मही फाडला नाही, कपाटातच राहू दिला, मुदत गेली. त्या दसऱ्याला हत्यारांची पूजा करताना त्यांनी मला पक्कडीलासुद्धा हात लावू दिला नाही. मी टायपिंग शिकले आणि चौतीस वर्षं एका ऑफिसात दुसऱ्यांची पत्रं टाइप केली. पाय बरा झाल्यावर दादा काही बोलला नाही. आधी मी वाट पाहिली, मग चिडले, मग बाबा गेले, आई गेली, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांतलं कोणी उरलं नाही.

गेल्या वर्षी त्याने नातवंडांसमोर तीच गोष्ट तशीच सांगितली, तेव्हा माझं डोकं फिरलं. आत जाऊन इतकी वर्षं जपलेलं कडं घेऊन आले आणि त्याच्यापुढे टेबलावर ठेवलं. म्हटलं, आज बोल म्हणावं.

त्याने ते उचललं, चष्मा लावून दोन्ही बाजूंनी पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही हललं नाही. मी खूप शोधलं.

"हे काय गं?" तो म्हणाला. "स्टोव्हचं आहे का कसलं?"