नापास समुद्र

मनोहरकाका कपडा डोळ्यांनी पाहत नसत, ओल्या अंगठ्याने घासत. माझ्या लग्नाची साडी सासूबाई कौतुकाने दाखवत होत्या, तर काकांनी काठ घासला आणि कोरा अंगठा वर केला. "पक्का रंग है. सूनबाई पास!"

इंदुरात बडा गणपतीजवळ ते आमचे शेजारी. कापडमिलच्या रंगखात्यात आयुष्यभर रंगांच्या शेड बनवल्या. साहेबाने नमुना नापास केला की वाद घालायचा नाही, शेड बदलायची, हीच सवय. मिलमागच्या नाल्यात रंगाचं पाणी सुटायचं. "आज नाला लाल दिसला ना, म्हणजे चुनरीचा माल चालू है," असं अभिमानाने सांगत. मिल बंद पडली, नाला नुसता काळा राहिला. काका दोन महिने घराबाहेर पडले नाहीत. मग एक दिवस सियागंज बाजारातून ऑइलपेंटचे डबे आणून प्लायवूडवर चित्र काढायला बसले. संध्याकाळचा समुद्र. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

चित्र झाल्यावर मला बोलावणं आलं, कारण मी मुंबईची सून. खरं तर मी डोंबिवलीची. समुद्र पाहिला दोन-तीनदा, तोही भर दुपारी. पण इंदुरात मुंबईची म्हणवून घ्यायला बरं वाटायचं, म्हणून मी कधी कुणाची चूक सुधारली नाही.

चित्र पाहून मी दचकलेच. लाल, जांभळा, काळा रंग पुट्टीच्या पात्याने जाडजाड ओढलेला, लाटा अंगावर येणाऱ्या.

"बोल सूनबाई, शेड बरोबर है ना?"

"काका, समुद्र निळा असतो हो! हा तर तुमचा नाला झाला," मी जाणकारासारखी हसले.

काका हसले नाहीत. "तू पाहिलायस. नापास तो नापास."

आठवड्याभरात समुद्र दवाखान्याच्या भिंतीसारखा निळा झाला. तो त्यांनी मलाच भेट दिला आणि मी तो खुशाल बैठकीत टांगला.

पुढे भावाच्या लग्नाला माहेरी गेले, तेव्हा एका संध्याकाळी सगळे चौपाटीवर गेलो. सूर्य बुडाला आणि पाणी लाल झालं, मग जांभळं, मग काळं. लाटा अंगावर येत होत्या. मला तिथे उभं राहवेना, इतकी लाज वाटली.

परतल्यावर काकांना घरी बोलावलं आणि सगळं सांगितलं, डोंबिवलीसकट. "तुमचीच शेड बरोबर होती, काका. वरचा निळा काढून टाका ना."

काकांनी अंगठा जिभेला लावला, चित्रावर घासला आणि कोरा अंगठा माझ्यासमोर धरला.

"आता नाही निघायचा, सूनबाई. पक्का झाला."